सावकारास मनाई, मग सरकारास मोकळीक कां?

सन १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे जाळले. चार वर्षांनीं, १८७९ सालीं, सरकारास दक्षिणी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. पुढें १९०८ च्या दिवाणी कायद्याच्या ६० व्या कलमांत लिहिलें गेलें, व तें आजही कायम आहे, कीं कारागिराचीं हत्यारें, कुणब्याचीं औतें आणि पोटापुरते जरूर ते बैल व बियाणें हुकूमनाम्याच्या जप्तींत घेतां येत नाहींत. राहतें घर आणि स्वयंपाकाचीं भांडींही सुटतात.

पण बंधूंनो, हें छत्र फक्त दिवाणी दरबारापुरतें आहे! तोच बैल, तोच ट्रॅक्टर, तोच वेल्डिंगचा संच फौजदारींत मुद्देमाल म्हणून पोलिसांच्या हातीं गेला कीं ६० वें कलम दाराबाहेरच उभें राहतें. मजुरीच्या ड्रायव्हरानें रात्रीं मालकास न विचारतां चोरीची वाळू वाहिली, तर ट्रॅक्टर ठाण्यावर जातो. मालकाचा अपराध अद्याप कोणीं शाबीत केलेला नसतो, ट्रॅक्टर मात्र त्याच दिवसापासून ऊन-पावसांत शिक्षा भोगूं लागतो. कर्जाचे हप्ते चालूच. पेरणी थांबत नाहीं. भाड्याच्या नांगरास पैसे कोण देणार, ठाणेदार?

कोणी वकीलसाहेब म्हणतील, पुरावा राखावयास नको काय? राखा कीं! पण त्यासाठीं वस्तु गंजविण्याची गरज नाहीं, असें खुद्द सुप्रीम कोर्टानें २००२ सालीं गुजराथेंतील एका खटल्यांत सांगितलें आहे: फोटो घ्या, पंचनामा करा, जामीन घ्या आणि गाडी मालकास द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचें ४९७ वें कलमही तेंच सांगतें. माल कोर्टापुढें आल्यापासून १४ दिवसांत यादी व फोटो, आणि त्यानंतर ३० दिवसांत मालाचा निकाल. असें असतां ठाण्यांच्या आवारांत वेलींनीं झांकलेल्या मोटारसायकली कोणाच्या आहेत? ज्यांस वकील करतां आला नाहीं, त्यांच्या!

त्याच संहितेचें १०७ वें कलम म्हणतें कीं, गुन्ह्यांतून मिळविलेली मालमत्ता कोर्टानें जप्त करावी व कलेक्टरानें ती नाडलेल्यांस ६० दिवसांत वांटावी. ठेवीदारांस लुबाडणाऱ्या ठगांविषयीं आम्हांस दया नाहीं. त्यांचे बंगले जरूर विकावे, कारण तो पैसा आमच्याच मायबहिणींच्या ठेवींचा आहे. परंतु या कलमांत शिक्षा आधीं झाली पाहिजे अशी अट नाहीं. नोटिशीस १४ दिवसांत उत्तर न आल्यास एकतर्फी हुकूम होऊं शकतो. बंगलेवाल्याचा वकील तेराव्या दिवशीं हजर राहील. आमचा माणूस त्या वेळीं ऊसतोडीस परमुलखांत असेल, आणि नोटीस बंद घराच्या दारावर फडफडत राहील.

म्हणून आमचें मागणें एकच आहे. ६० व्या कलमाचें छत्र फौजदारी जप्तीसही लावा. नांगर, बैल, हत्यारें आणि पोटाचें वाहन, त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नसल्यास, फोटो काढून मालकाच्या जातमुचलक्यावर तत्काळ परत करा. गरिबाजवळ बाहेरचा जामीनदार मागूं नका. पार्लमेंटांत पाठविलेल्या आपल्या खासदारास हें विचारा. आणि तोंपर्यंत, ज्याचा माल ठाण्यावर पडून आहे त्यानें पंचनाम्याची नक्कल घेऊन ४९७ व्या कलमाखालीं आजच कोर्टांत अर्ज करावा.