मीठ किती दोषी?

घरात कुणाला मोठा आजार जडला की पहिला संशय येतो स्वयंपाकघरावर. काय खाल्ले, काय जास्त झाले याची उजळणी सुरू होते आणि रांधणारी गृहिणी मनातल्या मनात स्वतःलाच अपराधी ठरवते. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एम.एस. या विकाराच्या बाबतीत हा संशय गेली काही वर्षे मिठावर आहे.

बंगळुरूच्या होसूर रोडवरील 'निम्हान्स' ही मेंदू व मनाच्या विकारांवर उपचार करणारी राष्ट्रीय संस्था. शेजारच्या राज्यांतूनही रुग्ण तेथे येतात. एम.एस. बहुधा २० ते ४० या ऐन उमेदीच्या वयात गाठतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. एका डोळ्याने अंधुक दिसणे, हातापायांना मुंग्या, तोल जाणे, कमालीचा थकवा ही त्याची लक्षणे. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच उलटते आणि मज्जातंतूंवरचे आवरण कुरतडू लागते. विजेच्या तारेवरचे वेष्टन सोलले जावे, तसा हा प्रकार.

मग यात मीठ कुठून आले? २०१३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात काही संशोधन प्रसिद्ध झाले. त्यातल्या एका गटाचे प्रमुख विजय कुचरू मूळचे भारतीय. हिसारला पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन ते पुढे अमेरिकेत गेले. मिठाचे प्रमाण वाढवले की प्रतिकारशक्तीतल्या 'टी-एच-१७' नावाच्या दाहकारक पेशी वाढतात, असे प्रयोगशाळेत दिसले. खारट खाद्य दिलेल्या उंदरांमध्ये एम.एस.सारखा विकार अधिक तीव्र झाला.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. २०१४ मध्ये अर्जेंटिनात ७० रुग्णांच्या लघवीतील सोडियम तपासले, तेव्हा जास्त मीठ खाणाऱ्यांना आजाराचे झटके पावणेतीन ते चार पट अधिक आलेले दिसले. त्यानंतर २०१७ मध्ये ४६५ रुग्णांचा पाच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मीठ आणि झटके यांचा संबंध आढळलाच नाही. अमेरिकेतल्या सुमारे पावणेदोन लाख परिचारिकांच्या पाहणीतही मीठ जास्त खाणाऱ्यांना एम.एस. अधिक होतो, असे दिसले नाही.

तेव्हा 'माझ्या हातच्या लोणच्यामुळे सुनेला हे दुखणे लागले' अशी खंत कोणत्याही सासूबाईंनी बाळगू नये. आणि रुग्णाला अळणी जेवण वाढले की औषधाची गरज नाही, असेही कुणी समजू नये. झटके कमी करणारी औषधे आज उपलब्ध आहेत. ती आपल्या मनाने बंद केली, तर त्यात होणारे नुकसान मिठाच्या चिमटीहून फार मोठे असते.

म्हणून मिठाला मोकळीक द्यायची का? मुळीच नाही. रक्तदाब, हृदय व मूत्रपिंडे यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराच्या आतच मीठ पुरे म्हणते. आपण भारतीय साधारण ८ ते ११ ग्रॅम खातो. एम.एस.च्या रुग्णाला रक्तदाबाचीही जोड मिळाली, तर दुखण्यात भरच पडते.

घरच्या घरी हिशेब सोपा आहे. मिठाच्या पिशवीवर फोडल्याची तारीख लिहा. चार मोठ्या माणसांच्या घरात एक किलोची पिशवी निदान ५० दिवस पुरायला हवी. त्यातही लोणचे, पापड, फरसाण, बेकरीतला खारा बन आणि मसालेदार 'काँग्रेस' शेंगदाणे यांतले विकतचे मीठ वेगळेच! सैंधव हेही मीठच. आयोडीनयुक्त मीठ वापरा, पण हात आखडता ठेवा. कमी सोडियमचे मीठ घ्यायचे असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाच्या रुग्णांना त्यातले पोटॅशियम घातक ठरू शकते.

एम.एस.च्या रुग्णांसाठी व कुटुंबांसाठी १९८५ साली मुंबईत स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया काम करते. तिची शाखा बंगळुरूतही आहे. आणि घरात रुग्णासाठी वेगळे अळणी ताट मांडू नका. साऱ्यांच्याच ताटातले मीठ थोडे कमी करा. पथ्य सगळ्यांनी मिळून पाळले, की आजारी माणसाला एकटे वाटत नाही.