पाच हजार वर्षांची आवराआवर

स्नेहलतागंजातील आमच्या एका जुन्या स्नेह्यांची नात दिवाळीसाठी इंग्लंडहून घरी आली होती. तेथील एका विद्यापीठात ती डॉक्टरेटसाठी संशोधन करते. फराळाच्या वेळी कोणीतरी विषय विचारला आणि तिने सांगितले, "अणुभट्ट्यांतून निघालेल्या ग्रॅफाइटचा पुनर्वापर." क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग आजी म्हणाल्या, "म्हणजे कचराच ना गं? त्यासाठी इतक्या लांब जायचं?" मुलगी हसली. आजोबा मात्र करंजीचा तुकडा हातात धरून गप्प बसले होते, आणि प्रश्न त्यांच्याही मनातला असावा असे आम्हांला वाटले. त्यानंतर तिच्याशी दोन-तीन संध्याकाळी आमचे बोलणे झाले. थोडे वाचनही झाले. त्यातले काही येथे मांडतो आहोत.

ग्रॅफाइट आपल्या घरातलेच. शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्रॅफाइट असते. हिऱ्याचे आणि कोळशाचे ते भावंड. भोपाळजवळ मंडीदीपला पोलादाच्या विद्युत्-भट्ट्यांसाठी त्याचे जाड दांडे तयार होतात. अणुभट्टीत त्याचे काम निराळे. युरेनियमचा अणू फुटला की न्यूट्रॉन इतक्या वेगाने सुटतात की पुढचा अणू फोडणे त्यांना सहसा साधत नाही. त्यांचा वेग उतरवावा लागतो. कॅरमच्या स्ट्रायकराने सोंगटीमागून सोंगटीवर आपटत मंदावावे, तसा न्यूट्रॉन कार्बनच्या अणूंवर शंभराहून अधिक वेळा आपटून मंद होतो. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे एन्रिको फर्मी यांनी जी पहिली अणुभट्टी चालवली, ती सुमारे ३५० टन ग्रॅफाइटच्या विटांची रास होती. त्या दिवसाचे वर्णन प्रत्येक विज्ञानग्रंथात आढळते. विटांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र पुढच्यांसाठी राहिला.

कारण इतका मार खाणाऱ्या विटाही पूर्वीसारख्या राहत नाहीत. त्यांतील अणू आपल्या जागेवरून ढकलले जातात आणि ग्रॅफाइटमध्ये ऊर्जा दडून बसते. युजीन विग्नर यांनी हे आधीच ओळखले होते. इंग्लंडात विंडस्केल येथे बाँबसाठी प्लुटोनियम बनवणाऱ्या भट्टीत ही ऊर्जा वेळोवेळी तापवून सोडवीत असत. ऑक्टोबर १९५७ मध्ये तसे करत असतानाच भट्टीला आग लागली. पुढे सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातील गोठ्यांचे दूध कित्येक दिवस ओतून द्यावे लागले. दुधाच्या या हकिकतीने आजींचे लक्ष प्रथमच विषयाकडे वळले, हे नमूद केले पाहिजे.

परंतु खरी अडचण आगीची नव्हे, काळाची आहे. ग्रॅफाइटच्या छिद्रांत अडकलेल्या नायट्रोजनपासून आणि कार्बनच्याच एका प्रकारापासून भट्टीत कार्बन-१४ तयार होतो. त्याचे किरण दुबळे, पण तो असतो कार्बनच. पाण्यातून वा हवेतून सुटला तर पिकात, दुधात, हाडामांसात शिरतो. आणि तो निम्मा होण्यास ५७३० वर्षे लागतात.

हा आकडा ऐकून सोडून देण्यासारखा आहे, म्हणून आपल्या जवळचे माप घेऊ. महेश्वरसमोर, नर्मदेच्या पलीकडे नावडातोली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे १९५७ ते १९५९ या काळात मोठे उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्ती सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची, हे कळले ते तेथे सापडलेल्या कोळशातील याच कार्बन-१४ वरून. हवेतूनही तो निसर्गतः अल्प प्रमाणात झाडांत उतरत असतो. आता कल्पना करावी की नावडातोलीच्या त्या शेतकऱ्यांनी अणुभट्टीतला एक ठोकळा नदीकाठी पुरून ठेवला असता. त्यांची भाषा गेली, घरे गेली, त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. ठोकळ्यातला कार्बन-१४ मात्र आज जवळजवळ दोन तृतीयांश शिल्लक असता.

असे ग्रॅफाइट जगात सुमारे अडीच लाख टन आहे. त्यातले लाखाच्या जवळपास एकट्या ब्रिटनमध्ये, कारण त्या देशाने आपली बहुतेक वीजकेंद्रे ग्रॅफाइटवरच उभारली. खोल पुरावे, हा एक मार्ग. आमच्या या मुलीचा मार्ग दुसरा. ठोकळे निष्क्रिय वायूत, किंचित प्राणवायू देऊन भाजले, तर पृष्ठभागाजवळचा कार्बन-१४ बाकीच्या कार्बनच्या आधी सुटतो. तो पकडून घट्ट क्षारांत बांधायचा आणि उरलेले ग्रॅफाइट पुन्हा भट्टीच्याच कामी आणायचे. जाळीत खोल बसलेला कार्बन-१४ मात्र सहज हलत नाही. अधिक भाजावे तर चांगले ग्रॅफाइटही जळून जाते. किती तापमान, किती वेळ, किती प्राणवायू, याच्या तक्त्यांत तिचे दिवस जातात. युरोपातील अनेक देशांनी मिळून २००८ ते २०१३ या काळात यावर मोठा प्रकल्प चालवला, तरीही प्रश्न उरलाच आहे.

वर्तमानपत्रांना यातली एकच गोष्ट आवडली. काढलेल्या कार्बन-१४ चा हिरा करून त्यापासून हजारो वर्षे टिकणारी बॅटरी बनवण्याची कल्पना ब्रिस्टल विद्यापीठाने २०१६ मध्ये मांडली आणि २०२४ मध्ये तशी पहिली बॅटरी झाल्याचे जाहीरही झाले. कल्पना सुंदर आहे. परंतु एक ग्रॅम कार्बन-१४ पासून दिवसाला सुमारे १५ ज्यूल ऊर्जा मिळते. म्हणजे १० वॅटचा दिवा दीड सेकंद. अंतराळयानातील वा शरीरात बसवायच्या एखाद्या सूक्ष्म यंत्राला ती पुरेल. लाखो टनांच्या राशीवरचा तो उपाय नव्हे, हे तिनेच आम्हांला बजावले.

आपल्या देशात ही रास लहान आहे, कारण आपल्या बहुतेक वीजभट्ट्या जड पाण्यावर चालतात. पण ती मुळीच नाही असे नाही. तुर्भे येथील सायरस भट्टीच्या गाभ्याभोवती ग्रॅफाइटचे वेष्टन होते. १० जुलै १९६० ला ती सुरू झाली आणि ३१ डिसेंबर २०१० ला कायमची बंद झाली. बडवानीत जन्मलेले आणि खरगोणला शाळा शिकलेले अनिल काकोडकर पुढे ज्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले, त्याचेच हे घर. तेव्हा माळव्या-निमाडच्या मराठी माणसाने हा विषय परक्यांचा म्हणू नये. भट्टी पेटवणाऱ्यांची नावे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. ती विझल्यावर आवरणाऱ्यांचे नाव कोणी विचारीत नाही, आणि विवाहमंडळाच्या यादीत "विषय: आण्विक कचरा" असे लिहू नये, असे एका हितचिंतकांनी या घरी सुचविलेही!

निघण्याच्या दिवशी आम्ही सकाळीच भेटायला गेलो. दारात महानगरपालिकेची गाडी गाणे वाजवत उभी होती. आजींनी ओल्याची आणि सुक्याची बादली वेगवेगळी रिकामी केली आणि नातीकडे वळून म्हणाल्या, "आमचं वेगळं करणं दोन मिनिटांत होतं. तुझं किती वर्षांचं?"

"शिष्यवृत्ती चार वर्षांची आहे, आजी," ती म्हणाली.