लोकप्रियता : कोणाची आणि कोणांत?

मराठी समीक्षेत ‘लोकप्रिय’ हे विशेषण बहुधा नाक मुरडूनच वापरले जाते. लोकप्रियता म्हणजे खपाचा आकडा आणि टाळ्यांचा गजर, असे एकदा गृहीत धरले की पुढचा निकाल सोपा होतो. या गृहीतकालाच आमचा आक्षेप आहे. तो मांडण्यासाठी आम्ही मुद्दाम वाङ्मयाबाहेरचे उदाहरण घेत आहोत : जपानी भारोत्तोलक योशिनोबू मियाके यांचे.

१९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये रौप्य, १९६४ साली टोकियोत आणि १९६८ साली मेक्सिकोत सुवर्ण, ही त्यांची कमाई. टोकियोत ६० किलो वजनगटात त्यांनी तीन प्रकार मिळून ३९७.५ किलो उचलले. दुसरे आलेले अमेरिकेचे आयझॅक बर्गर १५ किलोंनी मागे राहिले. मेक्सिकोत धाकटे बंधू योशियुकी कांस्यपदक घेऊन त्याच मंचावर उभे होते.

गौरवलेखन इथेच थांबते. युद्धातून सावरलेले राष्ट्र, मायदेशातील ऑलिंपिकचे जपानचे पहिले सुवर्ण, पराक्रमी घराणे! यात खोटे काहीच नाही. पण जपानच्या अभिमानाशी देणेघेणे नसलेल्या, पुढच्या पिढ्यांतील भारोत्तोलकांनी हे नाव का जपावे, याचे उत्तर त्यात नाही. विक्रम केव्हाच मोडले. १९७२ नंतर ‘प्रेस’ हा प्रकारच स्पर्धेतून गेला, त्यामुळे ३९७.५ ही बेरीज आता तुलनेलाही उरलेली नाही.

उत्तर त्यांच्या बैठकीत आहे. टाचा जुळवलेल्या, चवडे बाहेर वळवलेले, गुडघे बेडकासारखे फाकलेले. त्यामुळे कंबर बारच्या जवळ येते आणि पाठ अधिक ताठ राहते. भारोत्तोलकांच्या बोलण्यात ही पद्धत ‘मियाके पुल’ म्हणून टिकली. बहुतेकांच्या शरीराला ती मानवत नाही. ते पाय अंतरावर ठेवूनच उचलतात आणि तरीही मियाकेंना मानतात.

म्हणजे अनुयायी थोडे, चाहते पुष्कळ. आमच्या समीक्षेच्या दोन्ही मापांत हे बसत नाही. प्रभाव मोजायचा तर ती अनुकरण करणारे मोजते. लोकप्रियता मोजायची तर प्रती मोजते. उरलेल्यांसाठी ‘कवींचा कवी’ ही सांत्वनपर पदवी राखून ठेवलेली असतेच, जणू समव्यावसायिकांचे प्रेम हे वाचक न मिळाल्याची भरपाई आहे. मियाके तर जगापुढे जिंकले होते. सहखेळाडूंचा आदर त्यांना पराभवाच्या मोबदल्यात मिळालेला नाही.

त्याच कामाचे ओझे उचलणाऱ्याला ‘असेही करता येते’ हे ज्याने दाखवले, त्याच्याविषयीची कृतज्ञता ही सर्वांत चिवट लोकप्रियता होय. लेखकाची थोरवी ठरवताना खप आणि पुरस्कार विचारून झाले असतील, तर आता एवढेही विचारावे : लिहिणाऱ्यांना त्याने कोणती वाट मोकळी करून दिली? हा प्रश्न टाळणारी समीक्षा पदकांची यादी करते. भार कसा उचलला गेला, हे तिला दिसतच नाही.