कामाची हमी मिळाली, जमिनीची कधी?



रोजगार हमीवर आपण खडी फोडतो, माती वाहतो. पण हा कायदा आला कुठून ते पाड्यावर फार कुणाला माहीत नाही.

वि. स. पागे नावाचे वकील होते, सांगली जिल्ह्यातले. स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात गेले, पुढे काँग्रेसच्या राजकारणात आले. १९६० ते १९७८, अशी १८ वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. एवढ्या काळात त्यांनी एक प्रश्न सोडला नाही: काम मागणाऱ्याला सरकारने काम का देऊ नये? १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात विसापूरला हे करून बघितलं. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली. मजुरांनी मोर्चे काढले. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला.

आधी दुष्काळी काम म्हणजे साहेबाची मेहरबानी. कायद्याने तो हक्क झाला. मागणी केली की १५ दिवसांत काम, नाहीतर बेकार भत्ता. भत्ता रोज १ रुपया धरला, म्हणजे चहापुरता. तरी सरकार बांधलं गेलं.

पण कायद्यात एक भोक राहिलं. काम मागायचं आपण, कोणतं काम ते ठरवणार सरकार. गेल्या उन्हाळ्यात आमच्या पाड्यावरच्या बायांना हमीवर खड्डे खणायला नेलं. जागा बघितली तर आपल्याच माणसांचे नागलीचे प्लॉट! तिथे म्हणे झाडं लावायची. हजेरी बुडेल म्हणून बायांनी खणलं, आणि रात्री कुणाच्या घशाखाली घास उतरला नाय.

आमचं म्हणणं असं. कसत्या जमिनीवर कुणी खड्डा खणायचा नाही. पण कामही सोडायचं नाही. सगळ्यांनी मिळून एकदम मागणी लिहून द्यायची. बांध कुठे पाहिजे, तळं कुठे पाहिजे, तेही त्यातच लिहायचं. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठायचं नाही.

आणि जमिनीचं? विसापूरपासून कायद्यापर्यंत १२ वर्षं गेली, तीही सभापती पाठीशी असताना. आपल्या पाठीशी असा कुणी नाही. आपला ताबा अजून मेहरबानीवरच आहे. म्हणून मोर्चाला घरटी एक माणूस आलंच पाहिजे.

जिंदाबाद!