सूतिकेचे औषध कुत्रीला नको

व्यालेल्या कुत्रीसाठी दशमूलारिष्ट मागणारे ग्राहक औषधालयांत येतात, आणि सूतिकेस जे हितकर ते तिलाही हितकर, या भाबड्या न्यायाने बाटली दिलीही जाते. परंतु दशमूलारिष्टात द्राक्षा आहे, संधानातून उत्पन्न झालेला मद्यांशही आहे. द्राक्षे व मनुका यांमुळे कुत्र्याचे वृक्क निकामी होऊ शकतात. टार्टरिक आम्ल हे त्याचे कारण असावे, असे २०२१ साली अमेरिकेतील पशुवैद्यांनी मांडले. निर्भय मात्रा अद्याप ठरलेली नाही. लशुनादि वटीतील लसूणही कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतो.

कॅल्शियमचे प्रकरण अधिक फसवे आहे. कुत्रीचा गर्भकाल सुमारे ६३ दिवसांचा. त्या काळात पुष्टीसाठी म्हणून शंखभस्म, प्रवाळ वा तत्सम कल्प सतत दिल्यास परावटु ग्रंथी मंदावते. पुढे दूध भरात आले की हाडांतील कॅल्शियम वेळेवर सुटत नाही. विशेषतः लहान जातीची कुत्री प्रसूतीनंतर दोन-चार आठवड्यांत थरथरू लागते, आकडी येते, प्राणावर बेतते. मग तेच कॅल्शियम शिरेतून द्यावे लागते, आणि ते काम पशुवैद्याचेच.

शालिहोत्र व पालकाप्य यांच्या परंपरेत अश्व आणि गज यांसाठी स्वतंत्र शास्त्र रचले गेले. मानवी मात्रा वजनाने भागून कोणी काम भागवले नाही. 'वनस्पतिजन्य म्हणून निर्धोक' ही जाहिरातीची भाषा आपल्या तोंडी शोभत नाही. औषध गाभण वा दूध पाजणाऱ्या कुत्रीसाठी आहे असे कळताच विक्री थांबवावी व पशुवैद्याचा पत्ता द्यावा. एका बाटलीची विक्री बुडेल, एवढेच.