आधी झरोका, मग अस्तर

आपल्या मंडळाने घेतलेली जुनी टेम्पो ट्रॅव्हलर गेला महिनाभर भीमपुरातील एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. आसने काढून झाली, गंजलेला पत्रा घासून झाला. चार जणांच्या निजण्याची सोय, औषधांचे कपाट आणि चहापुरता ओटा एवढे थंडीपूर्वी बसवावयाचे आहे. पौषातील अमावास्येला केसलापूरच्या नागोबाच्या यात्रेत आपले शिबिर असते, तेव्हा तपासणारांनी याच गाडीत मुक्काम करावा, असा हेतू आहे. हे काम कंत्राटाने न देता रविवारी-रविवारी स्वतःच्या हातांनी करावयाचे, ही कल्पना मला मनापासून आवडली. पहिल्या रविवारी रंध्याने एका सहकाऱ्याचे बोट सोलले, पण टाका घालणारे सहा जण तत्परतेने पुढे आले!

मतभेद आहे तो एकाच मुद्द्यावर. गाडी आतून संपूर्ण हवाबंद करावी, फटी फोमने बुजवाव्यात आणि रात्री उबेसाठी कोळशाची शेगडी किंवा जनित्रावर चालणारा हीटर ठेवावा, असा ठराव गेल्या बैठकीत जवळजवळ एकमताने संमत झाला. मी विरोधात बोलावयास उभा राहिलो, परंतु वेळ संपला होता. अपुरे राहिलेले बोलणे येथे पूर्ण करतो.

ठरावामागील काळजी खोटी नाही. पैनगंगेच्या या काठावर पारा दहाच्या खाली उतरतो, पत्र्याची गाडी तर उघड्या माळाहूनही लवकर गारठते. सिकलसेलच्या रुग्णाला थंडीने वेदनेचा झटका येऊ शकतो, हे या भागातील डॉक्टरांना सांगावयास नको. मग ऊब हवीच. प्रश्न एवढाच, की ती ऊब कोणत्या वाटेने आणावयाची?

२३ डिसेंबर २०२४ रोजी केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृत आढळले. वातानुकूलनासाठी लावलेल्या जनित्राचा धूर आत शिरला होता. कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी त्याच गाडीत प्रयोग केला, तेव्हा दोन तासांत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत ९५० च्या वर गेलेले आढळले. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे केरळचेच आठ पर्यटक, त्यांपैकी चार बालके, एका खोलीत गॅसहीटर लावून दारे-खिडक्या बंद करून निजले. ते उठलेच नाहीत. दोन्ही ठिकाणी कोणी वेडे साहस केले नव्हते. थंडी वाजली किंवा उकडले म्हणून माणसे करतात तेच त्यांनी केले.

या वायूला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट बिलगतो. डोके दुखते, मळमळते, ग्लानी येते. निजलेल्या माणसाला तेवढेही कळत नाही. कोविडनंतर प्रत्येकाच्या पिशवीत आलेला पल्स ऑक्सिमीटर येथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेलेच भासते आणि पडद्यावर अठ्ठ्याण्णव झळकतात. म्हणून संशय येताच, आकड्याकडे न पाहता, मुखवट्याने शुद्ध प्राणवायू सुरू करावा. साध्या हवेत या विषाचे प्रमाण निम्म्यावर येण्यास चार ते सहा तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर साधारणपणे तासदीड तास.

गाडीचे निमित्त आहे, खरा दोष आपल्या सवयीत आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून, वारा लागू नये म्हणून झरोक्यात बोळा कोंबलेली खोली आपण सर्वांनी पाहिली आहे. कितींनी तो बोळा काढावयास सांगितले? मी तरी अनेक वर्षे सांगितले नाही. हिवाळ्यात सकाळी डोकेदुखी घेऊन आलेल्या रुग्णाला 'रात्री निजलात कोठे, शेजारी काय पेटले होते?' हे आपण विचारीत नाही. आता आपणच चार डॉक्टरांना तशाच खोलीत निजवावयास निघालो आहोत, तीही चाकांवरची.

नागोबाच्या यात्रेला पूर्वी कुटुंबेच्या कुटुंबे बैलगाडीने येत आणि छपराखाली गोधड्यांत निजत. त्या छपरातून वारा खेळत असे, आणि शेकोटी गाडीबाहेर असे. जुने ते सोने असे मी म्हणत नाही; त्या गारठ्याने म्हाताऱ्यांचे काय होई तेही आपण जाणतो. तथापि ऊब अंथरुणात आणि आग बाहेर, हा क्रम मला पटतो.

पत्र्याला अस्तर अवश्य द्यावे, परंतु कापसाचे नव्हे. कापूस आपल्याकडे मुबलक आहे म्हणून तो प्लायमागे ठासावा, ही सूचना मोह पाडणारी आहे. तो दमट होतो आणि ठिणगीने पेटतो. थर्माकोलही पेट घेतो. खनिज लोकर बरी. चार माणसांच्या श्वासातील वाफ गार पत्र्यावर रात्रभर जमते, तिला वाट न दिल्यास दोन हिवाळ्यांत अस्तरामागे गंज चढेल. म्हणून छतात एक झरोका हवा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत दुसरा हवा. दोन्हींना जाळी असावी, झाकण नसावे. धोक्याची घंटा वाजवणारे कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र निजण्याच्या जागेजवळ लावावे, आणि जनित्र गाडीला चिकटून कधीही ठेवू नये.

आणखी एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत असे बदल मनास येतील तसे करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले आहे. आसने काढण्यापूर्वी परिवहन कार्यालयात अर्ज जावयास हवा होता. तो आता तरी जावा. अध्यक्षांनी रागावू नये.

ही स्मरणिका दिवाळीच्या सुमारास हाती पडेल. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला पत्रा कापणारा कारागीर येणार आहे. परवाना हाती येईपर्यंत कापावयाचे नाही, मोजमाप मात्र घ्यावयाचे आहे. छतावर झरोक्याच्या जागी मी खडूने खूण करून ठेवली आहे. ज्यांना ती पुसावयाची असेल त्यांनी त्याआधी यावे.