ढाली जिंकणाऱ्या शाळा आणि खेळणाऱ्या शाळा

मुख्याध्यापकांच्या दालनातील काचेचे कपाट हेच शाळेच्या क्रीडाजीवनाचे प्रमाणपत्र मानण्याची रूढी आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. कपाटात चषक किती आणि ढाली किती, यावरून संस्थाचालक क्रीडाशिक्षकाचे मोल ठरवितात आणि पालक शाळेचे. परंतु दीड हजार विद्यार्थ्यांच्या शाळेतर्फे मैदानावर उतरणारी मुले जर पंधरा-वीसच असतील आणि उरलेल्यांच्या वाट्याला आठवड्यातून एक-दोन तास कवायत व बक्षीससमारंभात टाळ्या वाजविणे एवढेच येत असेल, तर त्या कपाटावरून नेमके काय सिद्ध होते? शाळेपाशी एक चांगला संघ आहे, एवढेच. शाळा खेळते की नाही, हा प्रश्न तसाच शिल्लक राहतो.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना या संदर्भात एक मौजेचा विचार परिचित आहे. वॉल्टर नील या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६४ साली व्यावसायिक क्रीडेच्या अर्थकारणावर एक निबंध लिहिला. साबण विकणाऱ्या कारखानदाराला प्रतिस्पर्धी नाहीसा झाला तर हवाच असतो. मक्तेदारीत त्याचा फायदाच आहे. क्रीडेत मात्र हा नियम उलटा पडतो. जो लुई या मुष्टियोद्ध्याला मॅक्स श्मेलिंगसारखा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळाला नाही, तर त्याच्या सामर्थ्याला बाजारात किंमत उरत नाही. सामना ही दोघांनी मिळून निर्माण केलेली वस्तू आहे. एकट्याने ती घडविता येत नाही. नील यांनी हे व्यवसायाविषयी लिहिले असले, तरी शालेय खेळाला ते अधिकच लागू पडते. कारण तेथे निर्माण व्हावयाची वस्तू म्हणजे तिकिटाचे उत्पन्न नव्हे, तर मुलाची जडणघडण होय.

मुंबईच्या शालेय क्रिकेटचा इतिहासच याची साक्ष देईल. हॅरिस शिल्ड ही शतकाहून अधिक जुनी स्पर्धा. तिच्या उपांत्य सामन्यात, फेब्रुवारी १९८८ मध्ये, शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी आझाद मैदानावर ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, हे मराठी माणसाला पाठ आहे. परंतु समोरच्या सेंट झेवियर्सच्या संघात साईराज बहुतुले हा गोलंदाज होता आणि पुढे तोही भारताकडून कसोटी खेळला, हे मात्र क्वचितच आठवले जाते. त्या दिवशी पराभूत झालेला संघही खेळणाऱ्या मुलांचा संघ होता.

याच्या शेजारी अलीकडची दोन उदाहरणे ठेवून पाहावीत. जानेवारी २०१६ मध्ये कल्याण येथे भंडारी चषक स्पर्धेत प्रणव धनावडे या शाळकरी मुलाने नाबाद १००९ धावा केल्या. त्याच्या संघाने ३ बाद १४६५ वर डाव सोडला आणि प्रतिस्पर्धी शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत संपले. त्या प्रतिस्पर्धी संघात वयाने बरीच लहान मुले होती, हेही तेव्हा प्रसिद्ध झाले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये हॅरिस शिल्डच्या पहिल्याच फेरीत एका शाळेने ७६१ धावा केल्या. उत्तरादाखल दुसऱ्या शाळेचा संघ ७ धावांत बाद झाला. त्या साऱ्या धावा अवांतर होत्या. एकाही फलंदाजाला खाते उघडता आले नाही. वृत्तपत्रांनी दोन्ही वेळा विक्रमाचे कौतुक केले. वास्तविक, शोक करण्याजोगे त्यात पुष्कळ होते.

हरणाऱ्या मुलांनी त्या दिवशी काय शिकावयाचे? आणि जिंकणाऱ्यांनी तरी काय? प्रणवला क्रिकेट संघटनेने दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली होती. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, मुलाची कामगिरी खालावल्यामुळे ती थांबवावी असे त्याच्या वडिलांनीच संघटनेला कळविले. वडिलांचा प्रामाणिकपणा वंदनीय आहे. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर असल्या एकतर्फी सामन्यातील आकड्याचे ओझे टाकणाऱ्या व्यवस्थेने मात्र स्वतःला काही विचारलेले दिसले नाही.

ही विषमता आकाशातून पडलेली नाही. काही शाळा तयार खेळाडू शुल्कमाफी देऊन अन्य शाळांतून आणतात, हे सर्वज्ञात आहे. त्यात खेळाडूचे हित असू शकते, हे मान्य केलेच पाहिजे. खुद्द तेंडुलकर रमाकांत आचरेकर सरांच्या सल्ल्याने वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रममध्ये आला, आणि तो तसा आला हे देशाच्या क्रिकेटचे भाग्यच. परंतु एका असामान्य मुलाला योग्य गुरू मिळणे वेगळे आणि शाळेने शिकविण्याऐवजी विकत घेण्याचे धोरण पत्करणे वेगळे. तयार संघ जमविणाऱ्या शाळेच्या कपाटात ढाल येते. पण वर्गातल्या मुलाला त्या संघात आपल्या बाकावरचा सोबती दिसत नाही. मग शाळेविषयीचा अभिमान कुठून उपजणार? तो घोषणांनी आणि गणवेशावरच्या बोधचिन्हाने येत नाही. ‘अ’ तुकडीतल्या मित्राला आपण वर्गाच्या सामन्यात बाद केले होते आणि तोच आज शाळेतर्फे खेळतो आहे, अशा साध्या जाणिवेतून तो येतो.

दुसरे कारण प्रोत्साहनांच्या रचनेत आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात आणि खेळाडू जितक्या वरच्या पातळीपर्यंत पोचेल तितके ते गुण अधिक असतात. हेतू स्तुत्य आहे. पण त्याचा परिणाम असा की, पालकांचे लक्ष खेळावरून पातळीवर जाते आणि बलाढ्य संघाच्या शाळेकडे ओघ वाढतो. त्यात तालुक्यापासून राज्यापर्यंतच्या शालेय स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात. हिशेब सोपा आहे. ३२ शाळा असतील तर ३१ सामने होतात. १६ शाळा एका सामन्यानंतर घरी परततात आणि २४ शाळांची क्रीडावर्षाची इतिश्री दोन सामन्यांच्या आत होते. म्हणजे ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, त्यालाच सर्वांत कमी खेळावयास मिळते. याच ३२ शाळांचे चार-चारांचे आठ गट पाडले आणि गटविजेत्यांची बाद फेरी घेतली, तर सामने ५५ होतील आणि प्रत्येक शाळा किमान तीन वेळा खेळेल. चोवीस अधिक सामन्यांचा खर्च ही फार मोठी किंमत नव्हे.

प्रशिक्षकाच्या कामाचे मापही बदलावयास हवे. आचरेकर सरांची एक गोष्ट तेंडुलकरने अनेकदा सांगितली आहे. शाळेच्या मोठ्या मुलांचा अंतिम सामना पाहण्यासाठी तो स्वतःचा सामना चुकवून वानखेडे स्टेडियमवर गेला, तेव्हा सरांनी त्याला खडसावले. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवीत बसू नकोस, स्वतः खेळ, असा त्या बोलण्याचा मथितार्थ होता. या गोष्टीत आपण एका महान खेळाडूची घडण पाहतो. परंतु सरांचा तो उपदेश शाळेतल्या प्रत्येक मुलाला लागू का असू नये? उरलेल्या चौदाशे ऐंशी मुलांना आपण जन्मभर टाळ्या वाजविण्याचेच शिक्षण देत आहोत.

पैसा आणि मैदाने कुठून आणावयाची, हा आक्षेप येईलच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेसाठी क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य यांचा समावेश मानकांत केला आहे. शंभरांहून अधिक विद्यार्थी असलेल्या उच्च प्राथमिक शाळेत आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूदही त्यात आहे. समग्र शिक्षा योजनेत शासकीय माध्यमिक शाळेला क्रीडासाहित्यासाठी वर्षाला २५ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले. रक्कम तुटपुंजी खरी. परंतु कबड्डी आणि खो-खो हे आपल्याच मातीतले खेळ महागड्या साहित्याविना, लहानशा अंगणात खेळता येतात आणि दोहोंतही संघ बारा जणांचा असतो. आठवी ते दहावीच्या बारा तुकड्यांनी मुला-मुलींचा एकेक संघ उभा केला, तर २८८ खेळाडू मैदानात येतात. याला लागते ती चुना, शिट्टी आणि वेळापत्रकातील जागा. दहावीच्या वर्षी खेळाचा तास गणिताला देऊन टाकण्याची प्रथा बंद करणे हे अनुदानापेक्षा अवघड असेल, पण ते शासनाच्या नव्हे, शाळेच्या हाती आहे.

असे केल्याने गुणवत्ता मागे पडेल, ही भीती निराधार आहे. रुंद पायावरच उंच शिखर उभे राहते, आणि शिखरावरच्या खेळाडूलाही घडण्यासाठी जोडीचा प्रतिस्पर्धी लागतोच. म्हणून जिल्हा क्रीडा कार्यालयांनी स्पर्धांना साखळी पद्धत लावावी. संघांची बलाबलानुसार श्रेणी ठरवून समान श्रेणीत सामने घ्यावेत. आणि प्रत्येक शाळेने मुख्य संघाबरोबर ‘ब’ संघही उतरविण्याचा आग्रह धरावा. मुख्याध्यापकांनी वार्षिक अहवालात जिंकलेल्या ढालींच्या आधी एक आकडा छापावा: या वर्षी शाळेतील किती मुला-मुलींनी किमान पाच सामने खेळले? पालकांनी प्रवेश घेताना हाच प्रश्न विचारावयास आरंभ केला, तर काचेच्या कपाटाकडे पाहण्याची संस्थाचालकांची दृष्टीही हळूहळू बदलेल.